फेलिशियाने धुतलेला घाम

फेलिशियाच्या दोरीवर पिवळा डाग कुणी कधी पाहिला नाही. वेदीवरचं कापड असो की फादरांचा पांढरा झगा, पंचवीस वर्षं गावच्या चर्चचं सगळं धुणं तिच्याच हातचं. शेजारणी सल्ला विचारायला आल्या की बाईला हुरूप यायचा. काखेतल्या घामाच्या डागावर ब्लीच ओतणारीला ती आधी फैलावर घेई, कारण ब्लीचने तो डाग आणखीच पिवळा होतो. मग सांगे, "खायचा सोडा कालवून चोळ, तासभर ठेव. वर लिंबू नि मीठ लाव आनि उन्हात टाक. गरम पानी घातलंस तर डाग जन्माचा बसेल." या हुशारीनेच पुढे तिचा घात केला.

तिचा नवरा सिप्रियन सातिवलीला बादल्या बनवणाऱ्या कारखान्यात मशीनवर होता. साच्याच्या धगीशी दिवसभर उभा राहणारा माणूस घामाघूम होऊनच घरी येणार, त्यात नवल ते काय? फेब्रुवारीत, ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला त्या राखेच्या बुधवारपासून त्याच्या गंज्या जास्तच पिवळ्या पडू लागल्या, तेव्हा तिने सोड्याचं माप वाढवलं. मग उशीचे अभ्रे आले. मग चादर आली, पाठीएवढा डाग पडलेली. तोही तिने काढला आणि शेजारच्या प्रिस्काला हाक मारून दोरीवरची चादर मुद्दाम दाखवली.

सिप्रियन उतरत चालला होता, तेही दिसत होतं. पण तो उपवासकाळ होता. ते चाळीस दिवस सिप्रियन दरवर्षी मटण-मासळी आणि ताडी सोडायचा, एकवेळच जेवायचा. यंदा पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली, तर चर्चमध्ये रविवारची मिस्सा सुटल्यावर लोकांनी त्याचं कौतुक केलं. उपवास करावा तर सिप्रियनने, असं म्हणाले. फेलिशियाची मान ताठ झाली. ईस्टरला घरात डुकराचं मटण शिजलं आणि त्याने दोन घास खाऊन ताट सरकवलं. आतडं आखडलंय, असं तिने पाहुण्यांना सांगितलं आणि स्वतःलाही.

ऑगस्टमध्ये दाढी करताना त्याच्या हाताला मानेवरची गाठ लागली, तेव्हा कुठे दोघं दवाखान्यात गेली.

"रात्री घाम येतो का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाय," सिप्रियन म्हणाला. "कंपनीत येतो तेवढाच. तिथे गरमी असते."

कंपनी रविवारी बंद असते आणि सोमवार सकाळची चादरही तितकीच ओली असायची, हे त्या खोलीत तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. गप्प बसावं असं तिला क्षणभर वाटलंही.

"येतो," ती म्हणाली. "राखेच्या बुधवारपासून. पिळलं तर पानी निघेल एवढा."

"म्हणजे सहा महिने." बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग आधी का नाही आलात?"

फेलिशियाने खूप शोधलं, पण तिच्याजवळ एकच उत्तर होतं.

"डाग निघत होते," ती म्हणाली.

तपासण्यांत कॅन्सर निघाला; रात्रीचा घाम त्याचाच होता. गाठी छातीत आणि पोटात पसरल्या होत्या. दोन-तीन महिने आधी आला असतात तर बरंच करता आलं असतं, असं बाई हळूच म्हणाल्या आणि फेलिशियाकडे बघायचं त्यांनी टाळलं.

बाहेर बाकावर ती रडू लागली. माझंच चुकलं, म्हणाली. सिप्रियनने तिच्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताला आता वजन राहिलं नव्हतं.

"मला समजत होतं गं," तो म्हणाला. "पन चादर पांढरी झाली की तू अशी हसत यायचीस दाखवायला. तुला कसं सांगनार?"

त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर तिने सोसल्या असत्या. हे मात्र तिला आजही सोसवत नाही. नाताळच्या आधीच सिप्रियन गेला.