दाजींनी चुकवलेली गर्दी

आमच्या दाजींइतका गर्दीला वैतागलेला माणूस साऱ्या जालना जिल्ह्यात झाला नसेल, आणि गर्दीचा एवढा बारकाईने विचार करणाराही दुसरा कोणी झाला नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. टेंभुर्णीकडचे. त्यांच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती. दाजींच्या काळात विहीर झाली, मोसंबी लागली आणि मेंढरं चुलतभावाच्या वाट्याला गेली. पण दाजींची नजर मेंढपाळाचीच राहिली. चार माणसं एका जागी जमलेली दिसली की ते लांब उभे राहून डोळे बारीक करत आणि म्हणत, "ह्यातलं म्होरकं कोण ते आधी हेरायचं. ते जिकडं वळलं तिकडं सगळी वळणार. मंग आपण उलट्या अंगानं निघायचं." दाजी उलट्या अंगाने निघाले नाहीत असं एकही ठिकाण मला आठवत नाही.

माझ्याच लग्नाचं घ्या. वऱ्हाडाची सूत्रं दाजींच्या हाती गेली होती. "मोठी तिथ हाय, सगळे रस्ते वऱ्हाडानं भरून जातील," असं म्हणून त्यांनी कोंबडं आरवायच्या आत आम्हाला टेम्पोत भरलं. आम्ही मुलीच्या दारात उतरलो तेव्हा मांडव अर्धाच घातलेला होता आणि माझे होणारे सासरे ओट्यावर बसून राखुंडीने दात घासत होते. तोंड भरलेलं, त्यामुळे त्यांना धड "या" म्हणता येईना. आत नवरी झोपलेली. दाजींनी मात्र मोकळ्या मांडवाकडे समाधानाने पाहिलं आणि मला म्हणाले, "पाव्हणं, जागा कशी बराबर भेटली!" नंतर त्याच मोकळ्या जागेत त्यांनी सतरंज्या अंथरायला मदत केली, कारण तिथे दुसरं कोणी माणूसच नव्हतं.

एसटीच्या बाबतीत तर त्यांनी कमाल केली. गावच्या थांब्यावर बसला झुंबड उडते म्हणून ते एक थांबा मागे चालत जात आणि तिथून ऐटीत खिडकीशी बसून येत. लोकांनी ते पाहिलं. हळूहळू सगळं गावच मागच्या थांब्यावर जाऊन उभं राहू लागलं. मग दाजी एके दिवशी उलटे वळले आणि पुन्हा गावच्या थांब्यावर आले. थांबा रिकामा, चिटपाखरू नाही. दाजी खूश. बस आली ती मागूनच खच्चून भरून आलेली, आणि थांबा ओस दिसल्यावर ड्रायव्हरने गाडी न थांबवता पुढे काढली. हा किस्सा सांगताना दाजी स्वतःच पोट धरून हसत, पण चूक त्यांची होती हे कबूल करत नसत. त्यांच्या मते चूक बसची होती.

या सगळ्यात भरडली जायची ती अक्का. अक्का म्हणजे माणसांची भुकेली बाई. माहेरी असताना जत्रा म्हटली की ती आठ दिवस आधीपासून बांगड्यांचा रंग ठरवत बसायची. लग्नानंतर मात्र जत्रेचा मुख्य दिवस तिने कधी पाहिलाच नाही. दाजी तिला जत्रेला नेत, नेत नव्हते असं नाही, पण सगळं पांगल्यावर नेत. तिला एकदा आकाशपाळण्यात बसायचं होतं, तेही भर गर्दीत, वरून सगळी जत्रा बघत. एका वर्षी फारच हट्ट धरला म्हणून दाजी तिला घेऊन गेले, तर पाळणेवाला पाळणा उतरवत होता. लोखंडी दांड्या ट्रकमध्ये चढलेल्या आणि बसायच्या पेट्या जमिनीवर मांडून ठेवलेल्या. दाजींनी पाळणेवाल्याला विचारून अक्काला त्यातल्या एका पेटीत बसवलं. म्हणाले, "बस निवांत. ना ढकलाढकली, ना धूळ." अक्का भुईवरच्या त्या पेटीत थोडा वेळ बसली, पदर सावरला आणि उठली. हे मला तिने पुष्कळ वर्षांनी सांगितलं, हसत हसत सांगितलं, पण मला तेव्हा दाजींचा मनापासून राग आला होता.

पुढे अक्काची लेक, म्हणजे माझी भाची, लग्न होऊन अमेरिकेत गेली आणि दोन हजार सालानंतर केव्हातरी तिने आईबापांना तिकडे बोलावलं. जावयांनी फोनवर सांगितलं की इथे खेळण्यांची एक मोठी नगरी आहे, आकाशपाळणे आहेत, फिरते घोडे आहेत, तुम्हाला दाखवू. अक्काने पाळणा हा शब्द तेवढा ऐकला. दाजींनी विचारलं, "गर्दी किती असती?" जावई प्रामाणिक माणूस. म्हणाले, "फार असते मामा. एकेका खेळाला दोन दोन तास रांग." झालं. त्या दिवसापासून दाजींना झोप गोड लागेना, आणि अक्का मला बाजूला घेऊन म्हणाली, "बघ आता. तिथंबी हे मला पाळणा उतरवल्यावरच नेतेन."

दाजींनी जावयांकडून त्या नगरीचा नकाशा मागवला. तो बाजेवर पसरला, वाऱ्याने उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार मोसंब्या ठेवल्या. मी भेटायला गेलो तर दाजी घरात नाहीत. ते चुलतभावाच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या कोंडवाड्यापाशी होते. बोराट्यांच्या काटेरी कुंपणाला त्यांनी नव्याने फाटक केलं होतं, आत मधोमध एक गवताचा भारा टाकून त्याला नकाशातला राजवाडा मानलं होतं, आणि मेंढरं पुन्हा पुन्हा आत सोडून ती कुठे वळतात ते पाहत होते. चुलतभाऊ कपाळाला हात लावून बसला होता. "काय करून राह्यले दाजी?" मी विचारलं. "अमेरिका बघून राह्यलो," दाजी म्हणाले, "दारातून आत आलं की सगळी उजवीकडं वळतेत. बिलकुल उजवीकडं. आपण डावीकडून धरायचं." मी म्हटलं, दाजी, तिकडे माणसं आहेत. त्यावर दाजींनी माझ्याकडे फार दयेने पाहिलं.

तिकडे पोचल्यावर दिवस ठरवायची वेळ आली. दाजींनी गावाहून नेलेलं कॅलेंडर भाचीच्या स्वयंपाकघरात खिळा ठोकून टांगलेलंच होतं. त्यांनी शनिवार काढला. जावई म्हणाले, "मामा, शनिवारी तर इथे सगळ्यात जास्त गर्दी." दाजी हसले. "अहो जावईबापू, शनिवार तर हायेच, वर अमावस्या हाय! शनिअमावस्येला कोण घराबाहेर पडून राह्यलंय? आन् पाळण्यात बसायला तर मुळीच न्हाई." सासऱ्यापुढे किती बोलायचं म्हणून जावयांनी शनिवारचीच तिकिटं काढली. अक्काने मात्र अमावस्येची बाधा नको म्हणून फ्रिजमधलं एक लिंबू पिशवीत टाकलं, सोबत दशम्या बांधल्या, आणि लुगड्यावर लेकीचा स्वेटर व पायांत जावयाचे बूट चढवून ती निघाली.

पुढचं मला भाचीने सांगितलं, अक्काने सांगितलं आणि दाजींनीही सांगितलं. तिघांच्या सांगण्यात फरक आहे तो फक्त दाजींच्या चेहऱ्याच्या रंगाचा. गाडी लावायलाच इतका वेळ लागला की दाजी काचेबाहेर बघत नुसते पुटपुटत होते, "ह्या लोकांच्या घरी कॅलेंडर न्हाई का?" दारातून आत शिरताच त्यांनी धीर गोळा केला आणि सगळ्यांना डावीकडे वळवलं. तिकडे उजवीकडे चालायला बरी वाट होती, आणि डावीकडे माणसावर माणूस. नंतर कळलं की गर्दी कशी चुकवावी यावर त्या देशात पुस्तकं निघतात. त्यांत डावीकडून सुरुवात करा असं सांगितलेलं असतं, आणि ती पुस्तकं सगळ्यांनीच वाचलेली असतात. मागच्या थांब्यावर उभं राहिलेलं सगळं गाव दाजींना सातासमुद्रापलीकडे पुन्हा भेटलं.

दाजी म्हणाले, "चला माघारी. सोमवारी येऊ." आणि तेव्हा आमची अक्का, जी कधी नवऱ्याला आडवा शब्द बोलली नव्हती, ती पाळण्याच्या रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. "तुम्ही जावा," ती म्हणाली, "मी हितंच हाय. आज जत्रा भरल्याली हाय."

दाजींना उभं राहावंच लागलं. जन्मात पहिल्यांदा ते रांगेत शेवटी होते, आणि बघता बघता त्यांच्याही मागे माणसं येऊन उभी राहिली. पुढे लालचुटूक झगा घातलेली एक म्हातारी होती. तिची भाषा अक्काला येत नव्हती, अक्काची तिला. दोघी सारख्या बोलत होत्या. अक्काने तिला दशमी दिली, तिने अक्काला आपल्या नातवंडांचे फोटो दाखवले. रांग रेटली की अक्का दाजींच्या बाहीला धरायची, लोक पुढे गेले की सोडायला विसरायची. दाजी मला सांगत होते, "पाव्हणं, लग्नात अंतरपाट धरल्ता तवा समोरासमोर उभं राह्यल्तो. त्याच्यानंतर इतका वेळ आम्ही कवा उभं राह्यलो सांगा बरं? मी आपला सदा म्होरं, ती मागं." मग थांबून म्हणाले, "ती इतकी हासती हे मला ठावूकच नव्हतं." पाळणा वर गेला तेव्हा दाजींनी डोळे गच्च मिटून घेतले होते. अक्का त्यांना हलवून ओरडत होती, "अवो, डोळे उघडा! बघा तरी, केवढी माणसं!"

परत आल्यावर दाजी गावच्या जत्रेला मुख्य दिवशीच जाऊ लागले. चार-पाच वर्षं अक्का मनसोक्त पाळण्यात बसली. मग तिच्या छातीचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी पाळणा कायमचा बंद केला.

त्यानंतरच्या जत्रेत मी गेलो होतो. पाळण्याच्या रांगेत मला दाजी दिसले, आणि त्यांच्या बाहीला धरून अक्का. मी घाबरून पुढे झालो, म्हटलं, दाजी, डॉक्टर काय म्हणाले विसरलात का? "कोण बसून राह्यलंय?" दाजी म्हणाले. त्यांचा नंबर आला तेव्हा ते दोघं खरंच बाजूला झाले, आणि गर्दीतून वाट काढत पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. मागून आलेली माणसं थबकली. दाजींनी हाताने त्यांना पुढे व्हायची खूण केली.

"जावा, तुम्ही जावा म्होरं," ते म्हणाले. "आम्हाला बिलकुल जल्दी न्हाई."