गणंग

भिजवलेल्या मटकीत हात फिरवून ती एखादा कडक दाणा नेमका वेचायची आणि माझ्यासमोर धरायची. "हा बघ गणंग. एवढा वेळ पाण्यात होता, पण भिजला नाही."

सिंगापूरच्या बुकित बातोकला आमचे फ्लॅट समोरासमोर. मी शाळेच्या लायब्ररीत, ती कर्करोगाच्या प्रयोगशाळेत. तिथेही तिने हा शब्द रुजवला होता. "माझी चिनी बॉस परवा स्लाइड बघून म्हणाली, 'धिस वन गणंग, लाह!'" हे सांगताना तिला हसू आवरत नसे.

हार्मोनवर पोसणारा स्तनाचा कर्करोग तिला स्वतःलाही होऊन गेला होता. ऑपरेशन झालं, पाच वर्षं रोजची गोळी झाली. गोळी संपली त्या दिवशी मी पेढे नेले. तिने एक खाल्ला आणि म्हणाली, "काही पेशी मूळपेशींसारख्या असतात गं. औषधाला दाद देत नाहीत, नुसत्या पडून राहतात. कित्येक वर्षांनी एखादी जागी होते आणि नव्याने संसार थाटते."

इथल्या मराठी मंडळातल्या, या आजारातून उठलेल्या बायकांसाठी तिने माहितीपत्रक लिहिलं. मराठी तपासायला माझ्याकडे दिलं. त्यात वाक्य होतं : 'आजार कित्येक वर्षांनीही परतू शकतो. नवं दुखणं अंगावर काढू नका.'

"घाबरतील गं बायका," मी म्हटलं.

"मग काय लिहू? बऱ्या झालात, आता भिशी लावा?"

वाक्य राहिलं. मी फक्त एक अनुस्वार दुरुस्त केला.

पुढच्या वर्षी तिची कंबर दुखू लागली. "मायक्रोस्कोपवर वाकून आखडलीय," ती म्हणाली. तुम्ही म्हणाल, तिला कळायला नको होतं? आणि मला? मी तिला शेकायची पिशवी नेऊन दिली. चार महिने आम्ही दोघींनी मिळून ते दुखणं अंगावर काढलं. मग स्कॅन झाला. हाडांत पसरलं होतं.

मी हॉस्पिटलमध्ये रडले, तेव्हा तिनेच माझा हात धरला. "वेडे, चार महिने आधी कळलं असतं तरी फार फरक पडला नसता."

हे शास्त्रज्ञ म्हणून सांगितलं, की मैत्रीण म्हणून? तेव्हा विचारायचा धीर झाला नाही. आता विचारावंसं वाटतं, तेव्हा दार उघडून उभी राहते. समोर नवे भाडेकरू आलेत. उंबऱ्याबाहेर लहान मुलांचे शाळेचे पांढरे बूट वाळत असतात.