लक्ष्मी आंटींच्या घरी दूध उतू गेलं

मंडळी, आज सकाळी मी एका गृहप्रवेशाचा विचका करता करता राहिले!

इथे परदेशात, यिशुन नावाच्या भागात मी एका फ्लॅटमध्ये खोली भाड्याने घेऊन राहते. शेजारच्या खोलीत लक्ष्मी आंटी आणि त्यांची लेक देवी राहायच्या. आंटी इथल्याच, तमिळ, हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या मोठ्या आवारात, टेबलं पुसतात. आमच्या घरमालकीणबाईंचा कडक नियम: स्वयंपाक करायचा नाही, फार तर दूध तापवा. थेंब सांडला तरी घर डोक्यावर घेतात. त्यात खोलीचं भाडं वाढलं आणि आंटींची झोपच उडाली.

पण सरकारने कमी कमाईवाल्यांसाठीचा, अगदी थोड्या भाड्याचा फ्लॅट त्यांना दिला. शहराच्या दुसऱ्या भागात, बुकित बातोकला! आज तिथे पूजा होती.

नव्या शेगडीवर दूध चढलं. ते वर येताना दिसलं मात्र, मी झडप घालून गॅस बंद केला!

सगळे ओरडलेच. आंटींनी कपाळाला हात लावला आणि इथल्या सवयीचं 'लाह' जोडत म्हणाल्या, "एय गर्ल, उतू जाऊ दे लाह! त्यासाठीच तर ठेवलंय!"

आपल्याकडेही हेच करतात, पण यिशुनच्या किचनने मला पार विसरायला लावलं होतं.

गॅस पुन्हा पेटला. या वेळी देवीने माझे दोन्ही हात धरून ठेवले. दूध फसफसून शेगडीवर, ओट्यावर सांडलं. आंटी हसत होत्या, डोळे पुसत होत्या. ओटा पुसायची मात्र कुणालाच घाई नव्हती.

तुमच्या घरी दूध असं बिनधास्त कधी सांडलं होतं?