माझी शाळा, माझी गोधडी

वरच्या मजल्यावरच्या काकू तंजावरकडच्या मराठी. कागदावरच्या रेघांवर कापडाचे तुकडे शिवून गोधडीचे चौकोन करायला त्यांनीच मला शिकवलं. शेजारचा चौकोन जोडण्याआधी मागचा कागद फाडून काढला, की हातावर चापट बसायची. परक्या गावात दुसरं कोण एवढं करतं?

पण चेन्नईतल्या एग्मोरच्या प्रदर्शनात माझी गोधडी उचलणाऱ्या प्रत्येकीला त्या तमिळमध्ये सांगत होत्या, "पावम, बिचारी. आठवीतच शाळा सुटली हिची. घ्या." एवढं तमिळ मला येतं. अंगाचा तिळपापड झाला.

शेवटी भीतभीत म्हटलं, "काकू, माझी शाळा राहू द्या. गोधडी बघू द्या त्यांना."

त्यांनी गोधडीचा कोपरा चिमटीत धरला. "कोपरे तुझे माझ्यापेक्षा नीट जुळतात," म्हणाल्या. तेही मराठीत, समोरच्या बाईला कळू नये म्हणून.