फ्यूज माझ्या खिशात होता

भुताखेतांच्या गोष्टी मी लग्नाकार्यात रंगवून सांगतो, पण त्यातली एकही मला स्वतःला पटत नाही. म्हणून हे लिहिताना जरा लाजच वाटते...

आम्ही यवतमाळला, लोहाऱ्याकडे राहतो. मुलगी प्रणाली इथल्याच एका कारखान्यात इलेक्ट्रिकल पॅनल जोडते. गेल्या हिवाळ्यात ती बाळंतपणाला आमच्याकडे आली. आमच्यात बाळंतिणीच्या खाटेखाली सव्वा महिना कोळशाची शेगडी ठेवतात. प्रणालीनं आईला परोपरीनं समजावलं – जळत्या कोळशातून एक वायू निघतो, त्याला ना वास ना रंग, बंद खोलीत माणूस झोपल्या झोपल्या जातो. बायकोचं उत्तर एकच, तू याच शेगडीवर वाढली. शेवटी पोरीनं खोलीत आपोआप चालणारा पंखा बसवून घेतला. वायू वाढला की पंखा सुरू, हवा बाहेर.

झालं असं, की शेगडी ठेवली की थोड्याच वेळात पंखा सुरू व्हायचा आणि सगळी ऊब बाहेर जायची. नुकत्याच जन्मलेल्या नातीला थंडी बाधेल म्हणून एका सकाळी मी – घरातला स्वयंघोषित इंजिनिअर – गुपचूप पंख्याचा फ्यूज काढून शर्टाच्या खिशात टाकला. पंख्याच्या बाहेरच्या झडपाही सुतळीनं घट्ट बंद बांधल्या. मग अंगणात ऊन खात तुरीच्या शेंगा सोलत बसलो.

अर्ध्या तासानं घरघर ऐकू आली. पोरीनं पंखा परत लावलाच, म्हणून तणतणत आत गेलो. भांडायला!

दार लोटलं. पंखा गरगर फिरत होता. बायको भिंतीला टेकलेली, मान खाली. नात खाटेवर सुस्त पडलेली. प्रणाली उठायला बघत होती, पण उठता येत नव्हतं.

"बाबा, आधी बाळाले बाहेर न्या," ती कशीबशी म्हणाली. "मंग आईले. शेगडीच्या नादी लागू नका."

धड मान उचलता येत नव्हती, आणि पोरगी कामं क्रमानं सांगत होती! मी तसंच केलं, मग तिलाही उचललं. शेजाऱ्यानं गाडी काढली. दवाखान्यात तिघींना ऑक्सिजन लावला. संध्याकाळी नात खणखणीत रडली, तेव्हा मीही रडलो... तिच्यापेक्षा बेसूर. डोळे पुसायला खिशात रुमाल शोधला, तर हाताला फ्यूज लागला.

घरी आल्यावर मी सगळं कबूल केलं. प्रणालीनं टेस्टर लावून पाहिलं. वायरीत करंट नव्हता. पंख्याला बॅटरी नव्हतीच. सुतळी माझ्याच गाठीत जशीच्या तशी. वाऱ्यानं फिरावा, तर वारा शिरणार कुठून? बायकोनं जास्त विचार न करता पंख्याला हळदकुंकू वाहिलं, आणि शेगडी स्वतः घराबाहेर काढली.

आता आजूबाजूला बाळंतीण असली की बाया माझ्या पोरीला बोलावतात. ती खोली बघते, शेगडी बाहेर काढायला लावते, आणि म्हाताऱ्यासुद्धा मुकाट ऐकतात. मी तिची पिशवी धरून मागे उभा असतो. खरं सांगतो, एवढा मान मला माझ्या लग्नातही मिळाला नव्हता.

परवा एका आजीनं तिला विचारलंच, मग तो पंखा फिरला कसा?

"कसा फिरला ते मले आजूनई नाही समजलं, आजी," प्रणाली म्हणाली. "बंद कोनं केलता, ते समजलं."

सगळ्या माझ्याकडे वळून हसल्या. मीही हसलो.