टोबॅगोच्या बेटावर बाबायचा कूलर

ताईनं त्रिनिदादहून फोन केला का हॉस्पिटलवाले तिले अजून दोन वर्षं नर्स म्हणून ठेवाले तयार आहेत. बाबायनं जेवता जेवता सांगून टाकलं, "नाई. घरी ये." ताई रडली. मंग बाबा म्हणे, "आधी मी जागा पाह्यतो."

तिकिटं ताईनंच काढली. बाबायले एकट्यानं पाठवणं धोक्याचं, म्हणून सोबत मी. माहा स्वार्थ बी सांगतो: नागपूरले मनीषनगरच्या घरात ताईची खोली आता माही आहे.

रस्ता असा: नागपूर, मुंबई, ॲमस्टरडॅम, पोर्ट ऑफ स्पेन. आमाले व्हिसा लागला नाई, तरी तुमी जायच्या आधी पाहून घ्या. सकाळी गाडीवरचे 'डबल्स' खा, म्हणजे दोन मऊ पुऱ्या अन् मंधी चणे. बाबायनं तर्री-पोहे समजून खाऊन ताईले विचारलं, "तर्री जमली वं. पोहे कुठं आहे?" तिखट मात्र थोडंच सांगा. मी सावजीचा झणझणीत रस्सा खाणारा म्हणून "टाक भरपूर" म्हटलं, अन् टोबॅगोच्या बोटीवर चार तास बर्फ चोखत बसलो.

टोबॅगोत फिराले म्हणून ताईनं समुद्राकाठचं स्वस्तातलं हॉटेल घेतलं होतं. समुद्र एवढा निळा का बाबा म्हणे, "रंग टाकत असन." खोली साफ, पलंग मजबूत, पहाटेचे कोंबडे फुकट. भिंतीवर एसी आहे, पण रिमोट मालकीणबाईजवळ. वेगळे पैसे दिले का भेटते. पंखा भाड्यातच.

आता बाबा म्हणजे अर्ध्या मनीषनगरचे कूलर बसवणारा माणूस. एसीले ते बीमारी म्हणतात. घाम पुसत म्हणे, "कूलर बनवतो. जिथं कूलर चालत नाई, तिथं माही पोरगी राहणार नाई."

ताईचं तोंड उतरलं.

फळायचं क्रेट आणलं, गवताच्या जागी नारळाचा काथ्या भरला, पंखा लावला. पंप नव्हता, म्हणून मग्यानं पाणी टाकाले मी. मालकीण मिस एल्मा दारात उभी राहून पाहत होती.

"तुझे बाबा खोली धुऊन राहिले का?" तिनं ताईले विचारलं.

"गार करून राहिले."

"इथल्या हवेत एवढं पाणी आहे पोरी. अजून काहून टाकतात?"

बाईचं बरोबर होतं. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात चालणारी गोष्ट समुद्राकाठी काय चालन? खोलीचं ढोकळ्याचं भांडं झालं. माही बनियन अंगावरून निघेना. बाबा म्हणे, "काथ्या नवा आहे, जरा भिजू द्या," अन् दुपारची झोप काढाले आडवे झाले.

ताईनं मले बाहेर ओढलं. "काही कर गा."

मी घरून आणलेला संत्रा बर्फीचा डबा घेऊन मिस एल्माकडे गेलो अन् रिमोट घेऊन आलो. एसी चालू केला, दिवा दिसू नये म्हणून वरून टॉवेल टाकला, पाणी बंद, पंखा फुल. बाबा घोराले लागले. उठले तं चादर गळ्यापर्यंत ओढलेली.

"पाह्यलं? कूलर म्हणजे कूलर."

मिस एल्माले बोलावून हवा दाखवली. ती बर्फी चावत म्हणे, "चमत्कार आहे," अन् ती अन् ताई दोघी हसत सुटल्या. बाबा ताईकडे वळले. "राह्य दोन वर्षं. हवा चांगली आहे इथली."

मंग दोन दिवस आमी नुसते पाण्यात डुंबलो अन् खेकड्याची करी खाल्ली. ती करी सोडू नका, कपडे मात्र जुने घाला.

घरी आल्यावर लोक विचारतात, काय लक्षात राहिलं. मी समुद्रच सांगत होतो, मागच्या हप्त्यापर्यंत. बाबा आमचाच कूलर उघडून बसले होते, मी पाना धरून उभा.

"तिथं एसीवर टॉवेल टाकला होता ना तू? हवा कोंडते, मशीन जळते. असं करत नसतात."

"तुमाले माहीत होतं?"

"कूलरच्या हवेत ओठ सुकत नाई बे. उठलो तं माहे सुकले होते."

"मंग ताईले 'राह्य' काहून म्हटलं?"

"ताई त्या मालकीणबाईसंग कशी हसून राहिली होती, पाह्यलं ना? घरी अशी हसे का कधी? पण मी तं कूलरचं बोलून बसलो होतो. मागं कसा येऊ?" अन् त्यायनं कूलरमंधी डोकं घातलं. "थांब, पंप चालू नको करू."

मी केला.