अजून तीन दिवस होते

आमच्या कॉम्प्युटरला आई दसऱ्याला फूल वाहते आणि वर्षभर शिव्या मी घालते. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे आवाज चढा आणि धीर कमी. त्या रविवारी सकाळी निकालपत्रकं भरायची होती. कॉम्प्युटर चालू केला, चहा पिऊन झाला, कप विसळून झाला, तरी ते गोल चक्र फिरतंच. शेवटी स्क्रीन उजळली तर तिच्यावर एक गोरीपान बाई दात दाखवत उभी. खाली लिहिलेलं, ‘तुमच्या ट्रायलचे फक्त तीन दिवस उरले!’ ती बंद केली, तर मागे दुसरी चौकट, ‘तुमचा कॉम्प्युटर साफ करू का?’ लोचट मेली.

“आई! काय काय भरून ठेवलंयस यात?”

आई ओट्यापाशी बांगडे साफ करत होती. “फोटोचं आहे ते. आमच्या क्लासात शिकवलं. महिनाभर फुकट.”

आमच्या करी रोडच्या टॉवरमध्ये ज्येष्ठांसाठी कॉम्प्युटरचा क्लास निघाला तेव्हापासून आई रोज दुपारी या खुर्चीत बसायची. मला वाटायचं, भजनं ऐकत असेल.

“काढून टाकतेय मी.”

“अगो, थांब! अजून तीन दिवस आसत. माझा काम आसा त्यात!”

आई एरवी माझ्याशी साधं मराठी बोलते. मालवणी सुरू झाली म्हणजे प्रकरण गंभीर, हे मला कळायला हवं होतं. पण माझं डोकं फिरलं होतं.

“तीन दिवसांत काय सिनेमा काढणारेस?”

“हात धुवन येतंय. थांब गो!”

बांगड्याचे हात धुवायला वेळ लागतो. तेवढ्यात मी अनइन्स्टॉलवर पोचलेसुद्धा. ते सॉफ्टवेअर काही सुखासुखी जाईना. ‘खरंच जायचंय?’ हो. ‘आमचं काय चुकलं?’ मी म्हटलं, जन्मलास हेच चुकलं. ‘तुमची अपुरी कामंही पुसून टाकायची?’ मी वाचलंसुद्धा नाही नीट. हो, हो, सगळं हो! सोबत आलेला तो साफसफाईवाला आणि वरची ती आगाऊ सर्चपट्टी, दोघांनाही बाहेरचा रस्ता दाखवला. बंद करून पुन्हा चालू केला, तर मशीन पाखरासारखं हलकं. मी खूश.

आई पदराला हात पुसत आली. “माझे फोटो?”

“आहेत की. जागच्या जागी.” मी फोल्डर उघडून दाखवलं. जुने फोटो मीच मागे स्कॅन करून ठेवले होते.

“हे नव्हेत. हे तुमचे. माझे कुठायत?”

मग तिने सांगितलं, आणि मी ऐकत गेले तशी खुर्चीत लहान लहान होत गेले.

टॉवरच्या आधीची आमची लालबागच्या चाळीतली खोली दहा बाय बाराची. बारसं असो की साखरपुडा, सगळे एका फोटोत मावायचे तर काढणाऱ्याला बाहेर गॅलरीत जाऊन, कठड्याला पाठ टेकून उभं राहावं लागायचं. ते काम आईचं. ती साड्यांना फॉल लावायची, हात सुईसारखा स्थिर. बाबांनी काढले की सगळ्यांची डोकी कापली जायची. तेव्हा कॅमेरा कायम आईकडे, आणि आई कायम गॅलरीत. बाबांबरोबरचा तिचा फोटो त्यांच्या लग्नातला एक, तोही पाण्याने गेलेला. बाबा जाऊन आता नऊ वर्षं झाली, माझं लग्नही त्यानंतरचं.

तर ही बाई माझ्या लग्नाच्या फोटोतून स्वतःला कापून, पदराच्या काठाकाठाने माउस फिरवत, त्या जुन्या फोटोंत स्वतःला उभी करत होती. अकरा फोटो झाले होते, एक राहिला होता. सेव्ह केलं की सगळ्यांच्या तोंडावर त्या कंपनीचा शिक्का उमटायचा. म्हणून बारावा झाला की बाराही फोटोंचे मोबाईलवर स्क्रीनवरूनच फोटो घ्यायचे, असा तिचा बेत होता.

“असू दे,” आई म्हणाली आणि पुन्हा बांगड्यांकडे गेली. तिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

निकालपत्रकं राहिली बाजूला. कॉम्प्युटरची कचरापेटी उलटीपालटी केली. मग ज्याला हाकललं त्यालाच पाय धरून परत आणायला गेले. उत्तर आलं, ‘या कॉम्प्युटरवर ट्रायल वापरून झाली आहे.’

जेवताना आईच म्हणाली, “एक परळच्या मावशीला पाठवला होता. जमतंय का बघायला. माझ्या मोबाईलवरचा मग पुसून टाकला.”

मावशीला तिथल्या तिथे फोन लावला. फोटो आला. तिरका, स्क्रीनच्या रेघारेघांचा. माझा पाचवा वाढदिवस, डोक्यावर पुठ्ठ्याची टोपी, मागे काका-काकू आणि पस्तिशीतले, मिशीवाले बाबा. त्यांच्या खांद्याला खांदा लावून साठीची, चष्मेवाली आई. बाबांची आईच वाटत होती. मला हसूही आलं आणि रडूही.

“चालेल,” आई म्हणाली. “उभी तर राहिले शेजारी.”

फोटो मोठा केला तेव्हा दिसलं. स्क्रीनच्या काचेत, सगळ्यांच्या अंगावरून, एक पुसट आकृती होती. वाकलेली मान, दोन्ही हातांत घट्ट धरलेला मोबाईल.

“ही काचेतली तू पुसून देते,” मी म्हटलं. “माझ्या मोबाईलवर होईल. फ्रेम करू मग.”

“हात लावू नकोस!” आईने मोबाईल ओढूनच घेतला. “तिला राहू दे. ती नसती तर तुमचा कोणाचाच फोटो आला नसता.”